टाचण्या

"अर्धा तास! फक्त अर्धा तास लागेल!" थोरलीने जाहीर केलं. "दहाला डॉक्टर, अकराला वकीलबाई, बाराला घरी. आईच्या म्हातारपणाची सगळी सोय फायलीत!"

दहा ते बारा म्हणजे अर्धा तास कसा, हे थोरलीला विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. शिवाय फाईल होतीच तशी देखणी! निळ्या रंगाची, आत चार रंगीत चिठ्ठ्या. पिवळीमागे मृत्युपत्र. हिरवीमागे मुखत्यारपत्र. गुलाबीमागे दुखणं विकोपाला गेलं तर कुठले उपचार करायचे आणि कुठले नाही. आणि लालमागे एकच प्रश्न, 'आई कुठे राहणार?' त्याखाली थोरलीच्या टपोऱ्या अक्षरात उत्तर तयार: 'माझ्याकडे. तिसरा मजला. लिफ्ट आहे. शिलाई मशीन कुणाला तरी देऊन टाकणे.'

धाकट्या भावाने फोनवर "ताई, तू म्हणशील ते" म्हणून केव्हाच अंग काढून घेतलं होतं. आणि आईला विचारायचं राहूनच गेलं होतं.

मुद्दाम नव्हे हो! ती सवयच होती, आणि तीही आईनेच लावलेली. चाळीस वर्षं आईने बायकांचे कपडे शिवले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओठांत टाचण्या. गिऱ्हाईक दारात आलं की आईची फक्त भुवई हलायची, आणि मशीनला टेकून उभी असलेली सात वर्षांची थोरली ठणकावून सांगायची, "आई म्हणतेय, परवा मिळेल! आई म्हणतेय, बाह्या आखूडच चांगल्या दिसतील!" आईच्या ओठांतल्या टाचण्या जाऊन आता बारा वर्षं झाली होती. थोरलीचं 'आई म्हणतेय' मात्र अजून चालूच होतं.

तर दहा वाजता दोघी दवाखान्यात पोचल्या. आईचं डोकं ठिकाणावर आहे, स्वतःचे निर्णय तिला कळतात, असा दाखला वकीलबाईंना हवा होता. खिडकीतल्या बाईने "नाव?" विचारलं आणि थोरलीने शंभर अर्ज भरलेल्या सवयीने खाडकन स्वतःचंच सांगितलं.

डॉक्टर नवा होता. समोर दोन बायका. एकीने सहा महिन्यांपासून केस रंगवणं सोडलेलं, डोकं पिंजलेल्या कापसासारखं पांढरंशुभ्र. ती थोरली! दुसरीचे केस दर पंधरवड्याला रंगवून काळेभोर. ती आई! आता त्या बिचाऱ्याने काय समजायचं?

"आजी, आज वार कोणता?" त्याने थोरलीकडे बघत विचारलं.

आजी म्हणजे आईच, यात थोरलीला शंका नव्हती. म्हणून तिने आईच्या वतीने उत्तर दिलं. "गुरुवार!"

बुधवार होता.

"बरं. तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा. खुर्ची, लिंबू, चावी. थोड्या वेळाने विचारीन."

तो थोडा वेळ थोरलीने वाया जाऊ दिला नाही. आईचे गुडघे, आईचं ऐकू येणं, लिफ्टची कंपनी, फायलीतल्या चिठ्ठ्यांचे रंग, सगळं सांगितलं. डॉक्टरने शब्द विचारले तेव्हा ती म्हणाली, "खुर्ची... आणि... अहो, तुम्ही मधेच बोलता, त्यामुळे विसरायला होतं!"

डॉक्टर हळूच आईकडे वळला. "घरी यांच्याकडे कोण बघतं?"

"आतापर्यंत तरी मीच बघत आले," आई म्हणाली.

"गॅस वगैरे चालू राहतो का?"

"या महिन्यात दोनदा. मागच्या रविवारी चप्पल फ्रिजवर ठेवली होती."

"आई, ती माझी गोष्ट कशाला सांगतेस त्यांना!" थोरली म्हणाली.

म्हातारी सोबतच्या बाईलाच 'आई' म्हणते हे पाहून डॉक्टरने सहानुभूतीने मान हलवली, दाखला लिहिला आणि पाकीट बंद करून, विचारपूर्वक, आईच्या हातात दिलं.

अकरा वाजता वकीलबाईंनी ते फोडलं. वाचता वाचता त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"'रुग्णास वार सांगता आला नाही. तीनपैकी एक शब्द आठवला. बोलणे थांबत नाही. सोबतच्या बाई शांत व समंजस आहेत. रुग्णाचे सर्व निर्णय त्यांच्यावर सोपवण्यास हरकत नाही.'" त्यांनी वर पाहिलं. "ताई, हा दाखला तुमच्या नावाचा आहे!"

थोरलीचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला. "आई! तुला कळलं होतं?"

"पहिल्याच प्रश्नाला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू जागा कुठे सोडलीस, बाई?"

वकीलबाईंना हसू आवरेना. "हा दाखला उद्या नवा आणा. पण आजींचं म्हणणं मी आत्ताच उतरवून घेते. ताई, तुम्ही जरा बाहेर बसा. पद्धत आहे तशी."

"आई म्हणतेय की मी..."

"असू दे तिला इथेच," आई म्हणाली. तिने पर्समधून चिंधीची एक पुडी काढली, तीन टाचण्या निवडल्या आणि थोरलीपुढे धरल्या. "धर जरा ओठांत. गिळू नकोस."

थोरलीने ओठ पुढे केले. आईने कापड धर म्हटलं की धरायचं, तसंच!

मग आई बोलली. निळी फाईल तिने उघडलीसुद्धा नाही. चालता येतंय तोवर ती तिच्याच घरी राहणार, मशीन खिडकीपाशीच. सकाळ-संध्याकाळ मदतीला बाई. आपलं आपल्याला उठता येईना, तर थोरलीकडे, पण मशीनसकट. आणि बरं होण्याची आशा नसेल, तर नळ्या लावून ताटकळत ठेवायचं नाही.

"आणि तुम्हाला बोलता येईनासं झालं, तर निर्णय कुणी घ्यायचा?" वकीलबाईंनी विचारलं.

थोरलीने ओळखलं. एवढा फजितवाडा झाल्यावर आता आई धाकट्याचं नाव घेणार!

"हिने," आई म्हणाली. "माझ्या भुवईवरून माझ्या मनातलं ओळखणारी एवढी एकच आहे. पण सात वर्षांची असताना ही आधी बघायची, मग बोलायची. तेवढं लिहा कागदात. आधी बघायचं."

थोरलीला खूप काही सांगायचं होतं. ओठांत टाचण्या होत्या. डोळ्यांतून आलं ते गालावरून हनुवटीपर्यंत गेलं, तरी एकही टाचणी खाली पडली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा त्याच डॉक्टरपुढे. या वेळी खिडकीत नाव बरोबर सांगितलं होतं, खुर्चीतही बरोबर बाई बसली होती.

"आजी, आज वार कोणता?"

आज खरंच गुरुवार होता! थोरलीने रात्रीपासून तो घोकला होता. तिने छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं...

आईने तिच्याकडे न बघताच पर्समध्ये हात घातला.