सेट पूर्ण होईपर्यंत

दुसरं कडवं आठवेना, तेव्हा बाईंनी मशीनवरचा पाय उचलला.

गिऱ्हाइकाच्या जाड निळ्या पडद्याला झालर लावता लावता त्या गुणगुणत होत्या. पहिलं कडवं झालं, धृपद झालं आणि पुढे नुसती चाल उरली. पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं, पुन्हा गाडी तिथेच अडली. लग्नाआधी, पहिल्या कमाईतून घेतलेल्या रेकॉर्डवरचं गाणं होतं ते, शेकडो वेळा ऐकलेलं. आणि ती रेकॉर्ड आत्ता त्यांच्यापासून चार हातांवर, काचेच्या कपाटात, दुहेरी पाकिटात ऐटीत उभी होती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण या घरात सात वर्षं एकही गाणं वाजलेलं नव्हतं. आणि गाणी वाजवायची यंत्रं तर इतकी होती की आल्यागेल्याला बसायला जागा उरली नव्हती.

बाईंचे यजमान वजनमापं तपासणारे निरीक्षक. दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडायचं, हलकं वजन दिसलं की जप्त करायचं. गल्ली त्यांना साहेब म्हणायची. बाईही साहेबच म्हणायच्या, पण त्यांच्या म्हणण्यात आदर शोधावा लागायचा. सात वर्षांपूर्वी साहेबांच्या हातात कुठूनतरी एक मासिक पडलं, ध्वनी या विषयाला वाहिलेलं. त्या दिवशी घरी आल्या आल्या ते बाईंच्या सुटकेसवजा रेकॉर्ड प्लेअरकडे बघून म्हणाले, "हा डबा तुझ्या रेकॉर्डवर नांगर फिरवतोय." आठवड्याभरात डबा भंगारात गेला. "आता घरात खरा आवाज येईल," साहेब म्हणाले.

आवाज यायचा राहिला आणि खोकी येत राहिली. आधी स्पीकर आले. ते उघडायचे नाहीत, कारण भलत्या ॲम्प्लिफायरला जोडले की बिघडतात. ॲम्प्लिफायर निवडायला दीड वर्ष गेलं आणि तो आल्यावर कळलं की या स्पीकरशी त्याचं जमत नाही. मग स्पीकर खोक्यासकट विकले, दुसरे आले. मग रेकॉर्ड प्लेअर आला. मग सीडी प्लेअर आला आणि त्याच्यापाठोपाठ साठ सीड्या, अंगावरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेल्या. बाईंनी एकदा हात लावला तर साहेब दारातून ओरडले, "सेट पूर्ण होईपर्यंत काही चालू करायचं नाही. अर्धवट सेटवर ऐकलं की कानाला वाईट सवय लागते." बाई म्हणाल्या, "माझ्या कानाला काही न ऐकायची सवय लागलीये, ती चांगली का?" त्यावर साहेबांनी मासिकाचं पान उलटलं.

गेली तीन वर्षं वायर कुठली घ्यायची यावर अडलं होतं. तेवढ्यात मासिकाने लिहिलं की रेकॉर्ड प्लेअर दगडावर ठेवावा, साध्या टेबलावर थरथर लागते. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी सकाळीच साहेब शहराच्या दुसऱ्या टोकाला फरशी आणायला गेले होते. काळी, दोन इंच जाडीची, लेव्हल लावून तपासलेली.

बाईंनी पडदा बाजूला फेकला आणि नणंदेला फोन लावला. नणंद टेलिफोनच्या ऑफिसात जोडणीचं काम करायची. तारा हा तिचा विषय.

"पक्कड घेऊन ये," बाई म्हणाल्या.

अर्ध्या तासात नणंद आली आणि खोक्यांसमोर थबकली. प्रत्येक खोक्यावर साहेबांच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी होती. तारीख, वजन, आणि खाली लाल शाईत 'उघडू नये'.

"वहिनी, दादा जीव घेईल."

"जीव घ्यायच्या आधी ते त्याचं वजन करतील. तेवढ्यात आपलं ऐकून होईल."

बाईंनी शिवण उसवायचं हत्यार घेतलं आणि पहिल्या खोक्याची पट्टी टरकावली. सात वर्षांचा राग हातात उतरला होता, सहा खोकी दहा मिनिटांत मोकळी झाली. नणंद माहितीपत्रक वाचायला लागली तशी बाई म्हणाल्या, "ठेव ते. वाचून वाचूनच या घराचं वाटोळं झालंय."

रेकॉर्ड प्लेअर बाईंना फारसा परका वाटला नाही. एक मोटर, एक चक्र, दोघांमध्ये रबरी पट्टा आणि एक सुई. आयुष्यभर मशीन चालवलेल्या बाईला यात काय कळायचं नाही? पण पट्ट्याला हात लावला तर तो गोंदासारखा बोटांना चिकटला. खोक्यात पडून पडून सडला होता.

"संपलं," नणंद म्हणाली. "हा दुकानातून मागवावा लागेल."

"मागवायला लागलं की पुन्हा निवडायला लागेल. मग ते मी मेल्यावरच वाजेल." बाईंनी खणातून पडद्याचं चपटं इलॅस्टिक काढलं, चक्राभोवती धरून मापलं, कापलं, टोकाला टोक भिडवून बारीक टाक्याने शिवलं आणि चढवलं. चक्र फिरलं. दर फेरीला शिवणीपाशी किंचित अडखळायचं, पण फिरत होतं.

मग वायरची पंचाईत. तीन वर्षं अभ्यास झाला होता, वायर मात्र वीतभरही नव्हती. नणंद घरभर फिरली आणि जुन्या इस्त्रीची वायर हातात घेऊन आली.

"चालेल?" बाईंनी विचारलं.

"तांबंच आहे गं आत. तांब्याला काय कळतंय आपण इस्त्रीचे की गाण्याचे." तिने पकडीने वायरचे दोन तुकडे केले, सालं काढली, जोडली. स्पीकर ठेवायला स्टँड नव्हते, ते पडद्याच्या दोन गठ्ठ्यांवर बसवले. खोलीत घुमायला लागेल असं नणंद म्हणाली तेव्हा बाईंनी खिडक्या सताड उघडल्या. सुईचा दाब साहेबांनी नाजूक काट्यावर तोलला असता. बाईंनी तो मशीनचा दाब बघतात तसा बोटावर बघितला.

रेकॉर्ड लावली. आपलं गाणं त्या बाजूवर तिसरं, पण बाईंनी सुई पहिल्यापासूनच ठेवली. मधेच उडी मारणं त्यांना पटायचं नाही.

आणि आवाज आला. बाई मशीनच्या स्टुलावर बसल्या होत्या, त्या सरळ झाल्या. त्या जुन्या डब्यातून गाणारीचा नुसता आवाज यायचा, आज गाणारीच खोलीत उभी होती. तबल्यावर बोट टेकल्याचं कळत होतं. बाईंना बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं, आणि लगेच दुप्पट राग आला. हे सगळं सात वर्षं पुठ्ठ्यात बांधून ठेवलं होतं त्या माणसाने.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसरं लागलं. पहिलं कडवं, धृपद, मधलं वाद्यांचं वाजवणं, आणि आता दुसरं कडवं येणार म्हणून बाईंनी श्वास रोखला. तेवढ्यात खालून हाक आली, "अगं ए, खाली ये जरा."

नणंदेने घाबरून सुईच उचलली.

"अगं का उचललीस?"

"दादा आला."

"येऊ दे की. मी काय चोरी करतेय?" पण गाणं तुटलं ते तुटलंच. बाई तिडिकीने उठल्या. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून धाडधाड जिना उतरल्या.

खाली साहेब फरशी पोटाशी कवटाळून उभे होते. घामाने निथळत होते, पण चेहऱ्यावर असं काही होतं की बाईंच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. साहेबांचे डोळे ओले होते.

"ऐकलंस?" साहेब म्हणाले.

"काय?"

"वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांकडे लावलं होतं. दोन गाणी मी इथेच उभा राहून ऐकली, दगड खाली ठेवायचंसुद्धा सुचलं नाही. असला आवाज मी जन्मात ऐकला नाही गं. याला म्हणतात सिस्टीम. त्या माणसाला कळतं. माझं सगळं चुकलंय, सगळं विकून टाकतो."

बाईंनी फरशीचं दुसरं टोक धरलं. रागाच्या वर एक कुतूहल उगवलं होतं, की हा माणूस वर गेल्यावर करतो तरी काय.

दोघांनी फरशी वर आणली आणि साहेबांनी खोली बघितली. फाटलेले पुठ्ठे, गठ्ठ्यांवरचे स्पीकर, आणि कोपऱ्यात चाकूने काकडी सोलावी तशी सोललेली इस्त्रीची वायर.

"हे कुणी केलं?"

"मी," बाई म्हणाल्या.

"वायर मी जोडली," नणंद म्हणाली. "आणि दादा, तू खाली ऐकलंस ते हेच होतं."

साहेब वाकले. त्यांनी इलॅस्टिक बघितलं, त्यावरची शिवण बघितली. मग ते नेहमी हलकं वजन सापडल्यावर हसायचे तसं हसले. "पडद्याच्या इलॅस्टिकवर? इस्त्रीच्या वायरवर? कुणाला सांगताय? लावा बघू."

बाईंनी सुई पुन्हा पहिल्यापासून ठेवली. साहेब डोळे मिटून मोजून आठ सेकंद ऐकत राहिले.

"हं. कुठे ते आणि कुठे हे. याच्यात खोली नाही. गती कमी-जास्त होतेय, दर फेरीला उचकी लागतेय. आणि ती वायर, आवाज कसा भाजून निघतोय बघ. डॉक्टरांचं पाणी वेगळंच." आणि त्यांनी सुई उचलली.

"तिसरं गाणं लागू दे," बाई म्हणाल्या.

"कानाला वाईट सवय—"

दारावर थाप पडली. वरचे दाताचे डॉक्टर उभे होते, डोक्याला टॉवेल गुंडाळून. साहेब दोन्ही हात जोडून पुढे झाले. "या, या डॉक्टर. तुमचंच चाललं होतं. ॲम्प्लिफायर कुठला आहे तुमचा?"

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले. "माझा? माझ्याकडे बातम्यांचा रेडिओ आहे, तोही बंद आहे. तुमच्या घरातून मघापासून गाणी येतायत. माझं डोकं दुखतंय. जरा खिडक्या तरी लावून घ्या." आणि ते जिना चढून निघून गेले.

नणंदेने पक्कड पिशवीत टाकली. बाई वाट बघत होत्या. आता तरी हा माणूस म्हणेल, चुकलं माझं. आता तरी म्हणेल, लाव तुझं गाणं. साहेब जोडलेले हात तसेच धरून उभे होते. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे बाहेर चांगलं वाजतं," ते म्हणाले.

"काय?"

"बाहेर चांगलं वाजतं, आत वाजत नाही. म्हणजे यंत्रात दोष नाही, दोष या खोलीत आहे. ही भिंत आवाज खातेय. अगं, माझी निवड बरोबरच होती. फक्त ही भिंत पाडून नव्याने बांधायची, छताला जाड थर द्यायचा. वर्षभराचं काम. तोवर हे सगळं जसंच्या तसं बांधून ठेवू. धुळीत नको." आणि त्यांनी जमिनीवरचा एक पुठ्ठा उचलून झटकला, रेकॉर्ड प्लेअरचा.

बाईंनी तो पुठ्ठा त्यांच्या हातातून काढून घेतला. आवाज चढवला नाही, उलट फार हळू बोलल्या, आणि नणंद दोन पावलं मागे सरकली.

"सात वर्षं तुम्ही माझी गाणी बांधून ठेवलीत. आज मला माझं गाणं पुरतं आठवेना. माझं. मी घेतलेलं. तिथवर मजल गेली, आणि तुम्हाला ते नीट ऐकू आलं केव्हा, तर डॉक्टरांचं वाटलं तेव्हा. बाहेर चांगलं वाजतं ना?"

"फारच," साहेब म्हणाले. त्यांना वाटलं, पटलं हिला.

"मग बाहेर बसा."

बाईंनी त्यांना दंडाला धरून उंबऱ्यापलीकडे नेलं, वाटेत नणंदेलाही डोळ्यांनीच बाहेर काढलं, दार लावलं आणि आतून कडी घातली. दारावर दोनदा थाप पडली. नणंदेचा आवाज आला, "दादा, गप बस जरा."

बाईंनी सुई पहिल्यापासून ठेवली. या वेळीही मधेच उडी मारली नाही. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याचं पहिलं कडवं, धृपद, मधली वाद्यं, आणि मग दुसरं कडवं आलं. एकेक शब्द आपापल्या जागी होता. बाईंना वाटत होतं रडू येईल. रडू आलं नाही, सात वर्षांचा संताप तेवढा उफाळून आला, आणि त्याच संतापात त्या गाणारीबरोबर मोठ्याने गायला लागल्या.

"अगं," साहेब दाराबाहेरून अगदी भारावून म्हणाले, "हेच ते. अगदी हेच. आता कशालाही हात लावू नकोस."

बाईंनी आवाज आणखी वाढवला.