नवेपणाची अट

लग्न एकाच दिवशी लागतं आणि वर्षात ऋतू चार असतात, ही अडचण आजवर कोणाच्याच लक्षात आली नव्हती. ती पहिल्यांदा उघडकीस आली एका फोटो स्टुडिओत. नवराबायको लग्नाचे फोटो निवडायला आले होते. लग्नाच्या दगदगीत बुडालेली झोपही अजून भरून निघाली नव्हती.

नवरदेव शहर बससेवेत वेळापत्रक अधिकारी होता. कोणती बस किती वाजता सुटेल हे तो ठरवायचा, आणि ती त्या वेळी का सुटली नाही याचा खुलासाही तोच लिहायचा. दोन्ही कामांत त्याचा हात धरणारा खात्यात कोणी नव्हता. घरचे त्याला 'टाइमटेबल' म्हणत. ही थट्टा आहे हे कळत असूनही त्याला ते मनातून आवडायचं. आपण आखलेली एक तरी गोष्ट आयुष्यात आखल्याबरहुकूम पार पडावी, एवढीच त्याची इच्छा होती. लग्नाने ती पुरवली नव्हती, कारण ऐन मुहूर्ताला मामा दाढी करत होता.

फोटोग्राफर गंभीर माणूस होता. सगळे त्याला सर म्हणत. सरांनी पडद्यावर एकेक फोटो पुढे सरकवला आणि चष्मा काढला.

"उन्हाळा आहे," ते म्हणाले.

"हो ना. लग्न उन्हाळ्यातच होतं," टाइमटेबल म्हणाला.

"सगळ्या फोटोंत उन्हाळा आहे."

"एकाच दिवशी होतं ना लग्न."

"तिथेच चूक झाली," सर म्हणाले. "हल्ली असं कोणी करत नाही."

बायको दातांची डॉक्टर होती. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावून स्वतः कमी बोलायची तिला सवय होती. ती हसून म्हणाली, "मग आता काय, परत लग्न करायचं?"

"परत नाही, उरलेलं," सर म्हणाले, आणि ते हसले नाहीत.

मग सरांनी बारमाही अल्बमची योजना समजावून सांगितली. पाऊस, पानगळ आणि थंडी असे तीन टप्पे बाकी. प्रत्येक टप्प्याला तेच कपडे, तेच पाहुणे, तेच हसू. पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे, की हे लग्न वर्षभर अखंड चाललं होतं. टाइमटेबलच्या डोळ्यांपुढे चार रकाने उभे राहिले आणि त्याचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा बायकोने पाहिला. त्याच क्षणी त्याला दंडाला धरून उठवायला हवं होतं, असं ती पुढे अनेकांना सांगत असे.

"एकच अट आहे," सर म्हणाले. "नवेपणा टिकला पाहिजे. थंडीचे फोटो होईपर्यंत तुम्ही एकत्र राहायचं नाही."

"म्हणजे?"

"एकत्र राहिलं की नजर बदलते, बाई. एका जोडप्याला मी दया येऊन परवानगी दिली. थंडीच्या फोटोत नवरा तिच्याकडे बघतोय, आणि चेहऱ्यावर स्पष्ट दिसतंय की गिझर बंद केला का, याचा विचार चाललाय. अख्खा ऋतू वाया गेला."

"अहो, पण आमचं लग्न झालंय."

"झालंय कुठे? पाव झालंय."

त्या दोघांनी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. रंगाऱ्याचा हात चालत नव्हता, म्हणून लग्नानंतर ती तिच्या आईकडे होती आणि तो त्याच्या. आदल्या दिवशीच रंगारी शिडी घेऊन गेला होता. त्याच संध्याकाळी नव्या घरी जायचं ठरलं होतं, किल्ली तिच्या पर्समध्ये होती. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने छताकडे बघितलं.

"तसं पाहिलं तर," तो म्हणाला, "थंडीपर्यंतचाच तर प्रश्न आहे."

बस पाच मिनिटं उशिरा सुटली तर चालकाला नोटीस काढणाऱ्या माणसाने स्वतःचा संसार तीन ऋतू उशिरा सोडायला अशी मंजुरी दिली. आपण शुद्ध गाढवपणा करतो आहोत, हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण गाढवपणाही नीट आखलेला असला की माणसाला तो धोरणासारखा वाटू लागतो.

घरच्यांनी विरोध करावा, अशी त्याला छुपी आशा होती. पण आयुष्यात ज्यांचं कशावरही एकमत होणं शक्य नव्हतं, त्या दोन्ही विहिणी या एका मुद्द्यावर एक झाल्या. "फोटो जन्मभर राहतात," त्याची आई म्हणाली. "संसार काय, होईलच," तिची आई म्हणाली. दोघींनी मिळून देखरेख ठेवायचं मान्य केलं. लग्नाचे कपडे, पोटं सुटली तर उसवता यावेत म्हणून, स्टुडिओच्या कपाटात जमा झाले.

पावसाच्या टप्प्याला सगळा गोतावळा पुन्हा गोळा झाला. मामाने मधल्या काळात मिशी काढली होती. सरांनी ती पूर्ववत करण्याचे आदेश दिले, आणि तोवर त्याला एका उंच पाहुण्याच्या मागे उभं केलं. लग्नात गळ्यात गळे घालून नाचलेलं एक मित्रजोडपं आता कोर्टात तारखांना भेटत होतं. "अल्बममध्ये तुमचं अजून चांगलं चाललंय," असं सांगून सरांनी त्यांना पुन्हा गळ्यात गळे घालायला लावले. दोघांनी ते घातले. आपण असेच राहिलो असतो तर, असं त्यांच्या मनात आलं असेल किंवा नसेलही. विचारायला कोणाला वेळ नव्हता.

पाऊस मात्र वेळेवर आला, आणि तोही चांगला जोरदार. टाइमटेबलला धन्य वाटलं. सरांनी एक फोटो काढून मान हलवली.

"पाऊस दिसत नाहीये."

"सर, आम्ही नखशिखांत भिजलोय."

"भिजलेले दिसताय. पाऊस दिसत नाही. खरा पाऊस फोटोत येत नसतो."

म्हणून सगळे पाऊस थांबायची वाट बघत छपराखाली उभे राहिले, आणि ऊन पडल्यावर टँकर बोलावून पावसाचे फोटो झाले. ती कुडकुडत त्याच्या कानात म्हणाली, "अरे, आपण वेडे झालोय का?" तो म्हणाला, "हळू बोल, ओठ हलतात."

पानगळीचा प्रश्न वेगळा होता. पानं वेळेवर गळत होती, पण बागेतले सफाई कामगार ती रोज सकाळी झाडून नेत होते. टाइमटेबल उद्यान कार्यालयात गेला. टेबलामागच्या बाईंनी त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"पानं झाडू नका, असा अर्ज आमच्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "पानं झाडत नाहीत, अशी तक्रार देता येते."

"पण ते तर झाडताहेत."

"तक्रार द्या. तक्रार आली की चौकशी लागते. चौकशी लागली की काम थांबतं. मग हिवाळा उलटेपर्यंत बागेत झाडू फिरत नाही. तुम्ही सरकारी खात्यात आहात ना? मग हे मी सांगायला हवं?"

टाइमटेबलला स्वतःची लाज वाटली. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये! त्याने तक्रार दिली आणि बागेत गुडघाभर पानं साचली.

त्याच दिवसांत एका दुपारी दोघं लपूनछपून तिसऱ्या मजल्यावर भेटली. कपाट घेऊन माणसं येणार होती, हे निमित्त. तो म्हणाला कपाट खिडकीशी, ती म्हणाली भिंतीशी. त्याने खोलीचा नकाशा काढून दाखवला. तिने तो घडी करून त्याच्याच खिशात घातला. "कपाटाला काय बाहेर बघायचंय?" ती म्हणाली. आवाज चढले, आणलेला चहा निवला, कपाट दारातच राहिलं. तो रागारागाने जिने उतरला आणि दुसऱ्या मजल्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण शीळ घालतो आहोत. लग्न झाल्याचं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं, आणि इतका आनंद लग्नाच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता.

पानगळीच्या दिवशी सरांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि लगेच खाली घेतला.

"तुम्ही भेटलात."

दोघांनी पायाखालच्या पानांकडे बघितलं.

"चेहऱ्यावर ओळख दिसतेय. नुसती ओळख नाही, हक्क दिसतोय. भांडलात की काय?"

"थोडंसं," टाइमटेबलने कबुली दिली.

दोन्ही विहिणींनी कपाळाला हात लावला. पानगळ पुढे ढकलण्यात आली. नजर निवावी म्हणून फोनवर बोलणंही बंद झालं. पुन्हा फोटो झाले तेव्हा दोघं एकमेकांकडे अदबीने बघत होती, बँकेत रांगेत उभी असलेली माणसं बघतात तशी. सर समाधानी दिसले. तिने त्या दिवशी घरी जाताना मागे वळूनही बघितलं नाही, आणि हे फक्त त्याला दिसलं.

थंडी पडली. शेवटच्या टप्प्याच्या आदल्या दिवशी बंदी मोडून तिचा फोन आला.

"मी आज आपल्या घरी राहायला चाललेय. संध्याकाळी तूही ये."

"अगं, पण उद्या थंडी आहे."

"थंडी आजही आहे. येतोस का?"

"एकच ऋतू राहिलाय गं. आता सोडलं तर तिन्ही फुकट जातील."

"बरं," ती म्हणाली. तिच्या त्या 'बरं'ला किती धार आहे हे त्याला ऐकू आलं, आणि तरीही त्याने गजर लावला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, मामा मिशीसह आला, ती आली नाही. सर जराही डगमगले नाहीत. "थंडीत चेहरा तसाही कमीच दिसतो," ते म्हणाले, आणि त्यांनी काउंटरवर बसणाऱ्या आपल्या बायकोला आवाज दिला. कपडे कपाटात होतेच. वरून शाल, डोक्याला स्कार्फ, हनुवटीपर्यंत गुंडाळलेली लोकर. टाइमटेबलने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "आता एवढी माणसं आलीच आहेत, तर..." मामा कौतुकाने म्हणाला, "पोरीला थंडी मानवली हो, चेहरा भरलाय."

"बघा तिच्याकडे," सर ओरडले. "पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघा!"

तो खरंच पहिल्यांदाच बघत होता. ती बाई संकोचून किंचित हसली. त्याला आपल्या बायकोची अशी आठवण आली, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि नेमका तोच फोटो निघाला.

"हाच तो नवेपणा!" सर म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापरा झाला होता.

अल्बम तयार झाल्यावर तो उराशी धरून टाइमटेबल तिसऱ्या मजल्यावर गेला. आखलेली गोष्ट आयुष्यात प्रथमच शेवटास गेली होती. तिने दार उघडलं. आत कपाट भिंतीशी उभं होतं, आणि तिथे ते फार शोभत होतं. तिने दारातच अल्बम चाळला आणि शेवटच्या पानावर थांबली.

"ही कोण?"

"तू."

"हिचे खालचे दोन दात एकमेकांवर चढलेत," ती म्हणाली. "कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

त्याने मान खाली घातली. ती बराच वेळ त्या फोटोतल्या त्याच्या ओल्या डोळ्यांकडे बघत राहिली, आणि तिचा आवाज मऊ झाला.

"अल्बम बाहेर ठेव आणि आत ये. चहा टाकते. मात्र आत्ता ये."

त्याने अल्बम जिन्यावर ठेवला. चपला काढल्या. एक पाय उंबऱ्याच्या आत टाकलाही, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. सरांनी थंडीचा फोटो सगळ्यांना पाहायला टाकला होता आणि वाहवा कोसळत होती. आदर्श जोडपं. काय ती नजर. दृष्ट लागेल. तो नुसतं एकदा वाचून आत जाणार होता, पण तेवढ्यात तुमचा अभिप्राय आला. तुम्ही लिहिलं होतंत, 'वहिनी किती खूश दिसतायत!' आणि खाली विचारलं होतंत, 'फोटोग्राफरचा नंबर मिळेल का? आमच्याकडे लग्न आहे.'

आपल्या माणसाला उत्तर न देणं बरं दिसत नाही, म्हणून तो पायरीवर बसला. तुम्हाला नंबर पाठवून होईपर्यंत आतून कडी लागली होती.