दस्तगीरमामूंची पंगत

दस्तगीरमामूंनी एकदा बेळगावला निघालेली बस रस्त्यात आडवं उभं राहून थांबवली. हातात खजुरांचं ताट.

"ड्रायव्हरसाब, तोंड सुकलंय तुमचं. रोजा सोडूनच पुढं जावा!"

ड्रायव्हर निघाला काकती गावचा मारुती. त्याचा सोमवार होता.

"मग तुमचाबी उपास सुटायची येळ झालीच की!" म्हणत मामूंनी त्याला खजूर दिला आणि मग सगळ्या बसला वाटला. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या, तर ताट घेऊन त्यांच्याकडंही गेले.

निपाणीत मशिदीसमोर माझं शिलाईचं दुकान आहे. रमजानच्या संध्याकाळी माझं मशीन कमी चालतं, डोळे जास्त. मामू पूर्वी तंबाखूच्या वखारीत मुकादम होते. वखार सुटली, मुकादमी सुटली नाही. बाजारात प्रत्येक कलिंगडाला टिचक्या मारून कान लावतात. बागवान वैतागून म्हणतो, "मामू, डॉक्टरकी बास करा. न्या एखादं!" मशिदीच्या अंगणात फोडी तेच कापणार. अजानेआधी कुणाचा हात भज्यांकडं सरकला की गरजतात, "हात मागं! भजी काय पळून जात न्हाईत!"

कुणी कुठं बसायचं, तेही तेच ठरवणार. मोटारवाला आणि पोती उचलणारा एकाच ताटावर. मलाही दंडाला धरून नेतात.

"मामू, मला कुठं रोजा हाय?"

"भूक तर हाय न्हवं? बस!"

यंदा त्यांनी कमालच केली. कासिम आणि युसूफ हे सख्खे भाऊ. दोन घरांमधल्या भिंतीच्या भांडणावरून बोलणं बंद. दोघं दोन टोकांना बसायचे. मामूंनी दोघांना उठवून समोरासमोर बसवलं. मध्ये एकच ताट, ताटात कलिंगडाची एकच भली मोठी फोड.

"आज फोडी कमी पडल्या," मामू गंभीरपणे म्हणाले. मागं परात भरलेली सगळ्यांना दिसत होती.

अजान झाली. खजूर, पाणी झालं. फोड तशीच. शेवटी कासिमनं ती मोडली आणि मोठा तुकडा धाकट्याकडं सरकवला.

"बिया काढून खा," तो खाली बघतच म्हणाला. "ल्हानपणी गिळायचास."

युसूफला हसू फुटलं. मामू एकदम मागं वळून सरबत ढवळायला लागले. ते मघाशीच ढवळून झालं होतं.

ईद झोकात झाली. दोन दिवसांनी, मामूंचा सदरा काखेत काचत होता तो सैल करून मी संध्याकाळी त्यांच्या घरी पोचवायला गेलो. जैतूनमामी गेल्यापासून ते एकटेच राहतात. बघतो तर मामू दारात उभं राहून भाकरी खात होते, नजर रस्त्यावर.

"बसून खावा की मामू."

"बसलं की समोरची जागा रिकामी दिसती रं," ते म्हणाले. "उभ्यानं उतरतोय घास."

मी जेवून आलो होतो. तरी चपला काढल्या, आत गेलो आणि चुलीपुढं मांडी घातली.

"मामू, लई भूक लागलीया."

 मामू लगबगीनं ताट घेऊन आले, माझ्यासमोर बसले, अर्धी भाकरी मोडून दिली आणि मी पहिला घास घेतो न घेतो तोच दरडावून म्हणाले, "सावकाश खा. मला घाई न्हाय."