वारेचा कोपरा

वारेचा एक कोपरा गायब आहे हे कळलं, त्या दिवशी सारविदी सकाळपासून छाती पुढे काढून फिरत होता. त्याच्या लेकीला, मुर्तिनीला, मुलगी झाली होती. बाळामागून पडलेली वार बापाने धुवायची, मडक्यात घालून दाराशी पुरायची, असा रिवाज. पण बाप, म्हणजे जावई वाहोनो, रक्त बघून दवाखान्याच्या पायरीवरच आडवा झाला होता!

“तू पड निवांत,” सारविदी म्हणाला. “अकरा वेळा पाहिलंय मी. झोपेतसुद्धा पुरीन!”

खरं तर अकराही वेळा त्याची बायको कासियेम प्रत्येक बापाशेजारी उभी राहून सगळं करवून घ्यायची. सारविदीने नुसती छत्री धरली होती. कासियेमला जाऊन चार महिने झाले होते. शेवटच्या आठवड्यात तिने बजावलं होतं, “अहो, नातवंडाची वार अख्खी पुरा. धाकटं भावंड असतं ते. बाळ एकटं येत नसतं.”

विहिरीवर चिंच-मीठ लावून तो वार धूत होता. शेजारची सुमिरा फुलांची परडी घेऊन उभी होती.

“भाऊ, हा कोपरा कुठाय?”

“कुठला?”

“अहो हा! सुरीने कापल्यासारखा. काडेपेटीएवढा!”

सारविदीने लेकीला फोन लावला.

“अगंबाई, सांगायचं राहिलंच!” मुर्तिनी म्हणाली. “विद्यापीठातल्या बाईंनी नेलाय. मी सही दिलीय, बाबा. जन्माच्या आधीच बाळाला जंतू भेटतात का, ते बघतायत.”

“जंतू? आणि त्यासाठी भावंडाला कापलं? उद्या कुणी तुझा कान कापून तपासायला नेला तर?”

तेवढ्यात फोनमधून बाळाने असा सूर लावला, की विहिरीवरचे कावळे उडाले!

“बघा,” सुमिरा कुजबुजली. “धाकट्याचं दुखलं, थोरलीला कळलं.”

झालं! सारविदी होता त्याच सदऱ्यानिशी स्कूटरवर बसला. सदरा टेम्पेच्या कामाचा होता. उकडलेल्या सोयाबीनला विरजण लावायचं, केळीच्या पानात बांधायचं, दोन दिवसांत पांढरी बुरशी दाण्यांना कवटाळून घट्ट वडी करते. तीस वर्षं हा उद्योग कासियेमने केला. विरजण तिच्या आईकडून आलेलं. ती गेल्यावर सारविदीने बाकी सगळं सोडलं, विरजण तेवढं मरू दिलं नाही.

विद्यापीठातली ती बाई, हप्सारी, डोक्यावर टोपी, तोंडाला मुखपट्टी, हातमोजे घालून अशी उभी होती, जणू मधाचं पोळं काढायला निघालीय!

“काका, काही जण म्हणतात, गर्भाशय उकळलेल्या भांड्यासारखं स्वच्छ असतं. काही म्हणतात, जंतू आधीच पोचलेले असतात. जगभर भांडणं चाललीत. मी तेवीस तुकडे तपासले, काही सापडलं नाही. हा चोविसावा.”

“मला तो परत हवाय.”

“तपासून झाल्यावर उरलेला देते. थांबा, तसा कागद करून आणते. आणि काका, कशाला हात लावू नका हं!”

ती गेली. समोरच्या खोक्यात मुर्तिनीच्या नावाची बाटली होती. सारविदीने कशाला हात लावला नाही. फक्त झाकण उघडलं. आत तो इवलासा तुकडा बघून त्याला राहवेना. “घाबरू नकोस हां,” तो म्हणाला आणि कासियेम प्रत्येक नव्या बाळाच्या टाळूवर मारायची तशी हलकी फुंकर मारली. मग बाटलीचं तोंड सदऱ्याच्या टोकाने नीट पुसलं आणि झाकण लावलं. स्वच्छतेत तो मागे नव्हता!

बाकीची वार त्याने संध्याकाळी दाराच्या डाव्या हाताला पुरली, रिवाजाप्रमाणे पस्तीस दिवसांसाठी वर दिवा ठेवला, त्यावर टोपली झाकली. एका बाजूची माती तेवढी सैल ठेवली.

आठव्या दिवशी फोन आला. हप्सारीला श्वास पुरत नव्हता.

“काका! सापडलं! तेवीस वेळा काही नाही आणि तुमच्या नातीच्या वारेत बुरशी! टेम्पेची! जन्माआधी! मी सगळ्या मोठ्या शास्त्रज्ञांना पत्रं धाडली!”

ही बातमी सुमिराला कळली, म्हणजे पंचक्रोशीला कळली. “मुर्तिनीने नऊ महिने घरचा टेम्पे खाल्ला, तो थेट पोचला!” बायका पाळण्याशी येऊन हात जोडू लागल्या. पोटुशा बायांनी सारविदीच्या दारात रांग लावली. टेम्पे सकाळी सातलाच संपू लागला. सरपंच शास्त्रज्ञांसाठी स्वागताची कमान उभारू म्हणाला.

सारविदी रात्रंदिवस एकच म्हणत होता, “कासियेम सांगायची. एकटं येत नाही!”

मग हप्सारीने त्याला बघायला बोलावलं. त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पांढरे, नितळ धागे एकमेकांचे हात धरून पसरले होते, टोकाला काळे मणी. केवढं जग! तीस वर्षं हे त्याच्या घरात होतं आणि त्याने ते नुसतं तळून खाल्लं होतं! मग जिच्यात ती बुरशी वाढवली होती, ती काचेची ताटली त्याने नुसत्या डोळ्यांनी बघितली. बुरशी आधी कडेने काळी पडत होती. बाजारातल्या कुठल्याच विरजणाची अशी पडत नाही. फक्त कासियेमच्या. चार महिन्यांपूर्वी गेलेली बाई त्या ताटलीत वाढत होती.

त्याने सदऱ्याच्या टोकाकडे पाहिलं. डोळे पुसायला तेच उचललं होतं.

“पोरी,” तो म्हणाला, “तू कागद आणायला गेलीस ना, तेव्हा मी बाटली उघडली होती.”

“उघडली?”

“आणि फुंकर मारली. मायेने.”

हप्सारी स्टुलावर बसली. “पत्रं गेली हो, काका!”

“परत मागव.”

तिने कपाळाला हात लावला. मग सारविदीनेच विचारलं, “म्हणजे, बाळाला आधी कुणी भेटतं का नाही?”

“माहीत नाही. अर्धा तुकडा बर्फात ठेवलाय, आतून पुन्हा तपासता येईल. पण तो तुमचा. देऊ परत?”

सारविदी विचारात पडला. नऊ महिने अंधारात ती पोर एकटी होती, की सोबत कुणी होतं? आणि हे इतकी यंत्रं असलेल्यांनाही ठाऊक नाही! कासियेमला सांगायला हवं, असं त्याला वाटलं आणि मग ती नाही, हे आठवलं.

“बघ,” तो म्हणाला. “पण दाराला कुलूप लाव. मी आलो तर आधी लाव.”

पस्तीस दिवस झाले. त्याने दिवा विझवला, टोपली काढली. बाळ आता फारसं रडत नाही. सुमिराला खरं काय ते सांगायचा त्याला अजून धीर झालेला नाही. दाराच्या डावीकडची माती एका बाजूने सैलच आहे. वारेचा कोपरा पुरायचा राहिला आहे.