शंभर डास पाहिजेत

सूनबाई अंघोळ करून बाहेर आली तेव्हा मागच्या गॅलरीत चार पांढरे ट्रे घासूनपुसून उन्हात पालथे घातलेले होते. शेजारी सासूबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. लेकीकडचा महिनाभराचा मुक्काम आटोपून त्या कालच परतल्या होत्या, आणि आल्या आल्या घराचा ताबा घ्यायची त्यांची जुनी सवय होती.

“आई, यातलं पाणी?”

“मोरीत ओतलं. अळ्या झाल्या होत्या गं त्यात. तू कामात असतेस, तुझं लक्ष गेलं नसेल.”

सूनबाई स्टुलावर बसली. “त्या माझ्या होत्या.”

सासूबाईंनी आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

सूनबाई कीटकतज्ज्ञ होती. सरकारच्या मलेरिया विभागाला पुढच्या तीन वर्षांचा आराखडा करून द्यायला तिला नेमलं होतं. कुठल्या जिल्ह्यात किती रुग्ण, किती मच्छरदाण्या, त्या पोचवायच्या कशा, सगळं बसलं होतं. अडलं होतं ते एका प्रश्नावर. मच्छरदाणीला लावलेल्या जुन्या औषधानं इथले डास अजून मरतात का? मरत असतील तर साध्या मच्छरदाण्या पुरतील. नसतील मरत तर दोन औषधांची नवी, महाग मच्छरदाणी मागायला हवी. नाहीतर माणसं आत भाबडेपणानं झोपणार आणि डास त्याच जाळीवर आरामात बसून वाट पाहणार. निधी देणाऱ्या संस्थेला चाचणीचा पुरावा हवा होता. ऑफिसात रंगकाम निघालेलं, त्या वासानं अळ्या दगावतील म्हणून तिनं ट्रे घरी आणले होते. संस्थेच्या बाई बारा दिवसांनी यायच्या होत्या.

हे सगळं ऐकून सासूबाईंनी उन्हातला एक ट्रे उचलून सुलटा केला. मग म्हणाल्या, “किती लागतात?”

“शंभर तरी. आणि माद्याच.”

“नर चालत नाहीत?”

“नर चावत नाहीत, आई. ते फुलांचा रस पितात.”

“मग दिवसभर करतात काय?” असं म्हणून त्यांनी आत पेपर वाचत पडलेल्या मुलाकडे एकदा पाहिलं, आणि स्वयंपाकघरातून लांब दांड्याचा डाव घेऊन आल्या. “चल. मी सांडल्या, मीच भरून देते.”

अळ्या शोधणं सोपं जाईल असं सूनबाईला वाटलं होतं. पण मलेरिया विभागानं गेलं वर्षभर घरोघर जाऊन साठलेलं पाणी ओतायला शिकवलं होतं, आणि लोक नेमके तेवढंच शिकले होते. गळ्यातलं ओळखपत्र दिसताच कोपऱ्यावरच्या शिंप्यानं दाराआडची बादली रस्त्यावर रिकामी केली. “आमच्याकडे एकही अळी नाही,” तो अभिमानानं म्हणाला. ओल्या रस्त्यावर पाच-सहा वळवळत होत्या.

“अहो, दंड नाही करायचा. आम्हाला अळ्या हव्यात,” सासूबाई म्हणाल्या.

“कशाला?”

“वाढवायच्यात.”

शिंप्यानं दार लावून घेतलं. त्यानंतर गल्लीत त्या दोघी पोचायच्या आधी बातमी पोचू लागली.

जिथे अळ्या मिळाल्या तिथे त्या दुसऱ्याच डासाच्या निघाल्या. सूनबाईनं फरक समजावून सांगितला. गटारातल्या डासाची अळी पाण्यात डोकं खाली करून लटकते. मलेरियाच्या डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागावर आडवी पडून राहते. सासूबाईंना हे इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवशी सुनेच्या आधी त्याच निवाडा देऊ लागल्या. “लटकलीय. आपली नव्हे.” कुंडीखालची बशी, सलूनमागचा पिंप, शाळेचं बंद पडलेलं कारंजं, त्या सगळीकडे वाकून बघत. गुडघे दुखतात हे त्या विसरल्या होत्या. “पण या आडव्या का पडतात गं?” त्यांनी विचारलं. सूनबाईनं उत्तर दिलं की त्या पुढचं विचारत. “आणि पाणी हललं तर?” तीन दिवस त्यांनी तिला जेवू दिलं नाही.

चौथ्या दिवशी सूनबाई ऑफिसात गेली ती आराखड्यातलं ते पान कोरं ठेवायची मनाची तयारी करून. सासूबाई सोबत होत्या. सून कागदांत गुंतलेली पाहून त्या डाव घेऊन जिना चढल्या. गच्चीवर रंगाऱ्यांनी पाण्याच्या टाकीचं झाकण काढून त्याचं टेबल केलं होतं, आणि त्यावर रंगाचे डबे मांडले होते. टाकी उघडी. सासूबाईंनी डाव बुडवला, उजेडात धरला, आणि जिन्यातून हाक दिली.

“आडव्या आहेत गं. सगळ्या आडव्या.”

ही हाक संचालकांच्या खोलीपर्यंत गेली. ते वर आले, टाकीत डोकावले आणि शिपायाला म्हणाले, “आत्ताच्या आत्ता रिकामी कर.”

“साहेब, नको,” सूनबाई म्हणाली. “शंभर एकदम मिळत नाहीत, रोज थोड्या काढाव्या लागतील. ही रिकामी झाली तर चाचणी नाही.”

“अहो बाई, हे मलेरिया नियंत्रणाचं ऑफिस आहे.”

“हो साहेब. म्हणूनच मच्छरदाणी कुठली मागायची ते कळायला हवं.”

संचालक गच्चीवर दोन फेऱ्या मारून आले. मग त्यांनी टाकीचा नळ बंद करवला, तोंडावर बारीक जाळी घट्ट बांधून घेतली, आणि नोकरीतला सर्वांत जड हुकूम स्वतःच्या हातानं लिहिला : ‘पुढील आदेशापर्यंत ही टाकी कोणीही धुऊ नये. संचालक, मलेरिया नियंत्रण.’ तो टाकीवर चिकटवला. ऑफिसनं बाहेरून पाणी मागवलं.

अळ्यांचे डास झाले. शंभर माद्या मोजून जुनं औषध लावलेल्या कागदांसोबत तासभर नळ्यांत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सत्तावन्न जिवंत होत्या. सासूबाईंनी त्या दोनदा मोजल्या. “एवढ्या जणी वाचल्या म्हणजे आपलं वाईटच की,” त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मावळला होता. सूनबाईनं ते कोरं पान भरलं.

‘नमुना कोठून घेतला’ या रकान्यात संचालकांनी ‘शहरातील एक शासकीय इमारत’ असं सुचवलं. ठरल्या दिवशी आलेल्या संस्थेच्या बाईंनी तिथेच बोट ठेवलं.

“कुठली इमारत?”

सूनबाईनं संचालकांकडे पाहिलं. शेवटी संचालकच उठले. “चला, दाखवतो.”

गच्चीवर बाईंनी हुकूम शब्द न् शब्द वाचला, जाळीतून वाकून पाहिलं आणि बरंच काही विचारलं. उत्तरं बहुतेक सासूबाईंनीच दिली. पुढे चार महिन्यांनी नव्या मच्छरदाण्या मंजूर झाल्या. पण त्या दुपारी तसं काहीच कळायला मार्ग नव्हता. बाई कठड्यापाशी गेल्या आणि त्यांनी आपल्या ऑफिसला फोन लावला.

“कारण विचारू नका. फक्त वर जाऊन टाकीत बघून या.”

त्या पाच मिनिटं फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. पलीकडून काहीतरी सांगितलं गेलं. त्यांनी फोन बंद केला, चष्मा पुसला आणि संचालकांकडे वळल्या.

“साहेब, तुमच्या त्या हुकमाचा मजकूर जरा लिहून देता का?”