हजेरीला ओ न देणाऱ्या बारा जणी

"दिवसाउजेडीच काम हाय नं तुयं? मंग तीन-तीन टॉर्च कायले?" लेकीच्या उघड्या पिशवीत डोकावत बाबुलालने विचारलं.

"एक वापराले. दुसरा, पयला बंद पडला तं. आन तिसरा, ज्याच्यापाशी नाई त्याले द्याले," रंजीता म्हणाली.

बाबुलालने पिशवीचं तोंड बंद केलं. घुग्घुसच्या कोळसा खाणीत त्याची पंचवीस वर्षं गेली होती, पण तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याकडेही इतकी तयार उत्तरं नव्हती. रंजीता चंद्रपूरला एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि व्यक्तिगत सुरक्षेबद्दलची तिची मतं ठाम, भरपूर आणि न विचारता मिळणारी होती. एस.टी.त बसायचं तर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. ऑटोत पाय ठेवण्याआधी नंबरचा फोटो. अनोळखी माणसाने वेळ विचारली तर सांगायची, पण दोन पावलं लांबून. हॉस्टेलच्या मुली तिची टर उडवत आणि बाहेर कुठे अडकल्या की पहिला फोन तिलाच करत. "सुरक्षा हे नशीब नाही, सवय आहे" हे तिचं वाक्य कॉलेजच्या फलकावर महिनाभर झळकलं होतं. बाबुलालने त्याचा फोटो काढून अख्ख्या शिफ्टला दाखवला होता. त्याला लेकीचा अभिमान होताच, फक्त तो वाघाच्या तोंडापर्यंत न्यायची त्याची तयारी नव्हती.

कारण रंजीताच्या प्रबंधाचा विषय होता, मोहफुलं वेचणाऱ्या बायांची सुरक्षा. तिच्या आईचं, म्हणजे कुंताचं, माहेर मूल गावाच्या पुढे, वाघाच्या जंगलाला लागून असलेल्या कोसमटोल्याला. दरवर्षी मोह गळू लागला की कुंता आठ-दहा दिवस तिकडे जायची आणि गावच्या बायांबरोबर फुलं वेचायची. यंदा रंजीताही निघाली होती.

"एक दिवस जा," बाबुलाल म्हणाला. "काई उलटंसुलटं झालं तं हा विषय बंद. गुपचूप लायब्ररीत बसून लिवजो, काय लिवाचं ते."

लायब्ररीतला एक विषय गाईडबाईंनी खरोखरच बाजूला काढून ठेवला होता. त्याच्या नुसत्या आठवणीने रंजीताला जांभई यायची. तिने अट मान्य केली.

योजना तिने महिनाभर घासूनपुसून तयार केली होती. बाया उजाडता उजाडता आत जाणार. रंजीता रस्त्यावरच्या रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, उभी राहणार, कारण मोबाइलला टॉवर मिळतो तो तिथेच. दर अर्ध्या तासाने ती भोंग्यावरून एकेकीचं नाव पुकारणार आणि जिचं नाव तिने आतून "हजर" म्हणायचं. ओ आली नाही की वनखात्याला फोन. आधारकार्डावरून बारा नावं उतरवून तिने तक्ताही केला होता. भोंगा झिंगू भंगारवाल्याकडून मागून आणला होता. त्याच्याकडे दोन होते. "पिवळं बटन दाबजो, तुया आवाज जाईन. लाल दाबू नोको, त्याच्यात माहं हाय," एवढं त्याने बजावलं होतं.

आदल्या संध्याकाळी तिने बायांना योजना समजावली. दुर्दैवाने ती कॉलेजच्या भाषेत समजावली. "उपस्थितीची वेळोवेळी पडताळणी" हे शब्द ऐकून बायांनी माना डोलावल्या. रोजगार हमीच्या कामावर सकाळी एकदा घेतात तशी हजेरी, असं सगळ्या समजल्या. कुंताची मोठी बहीण मनकर्णा, म्हणजे रंजीताची मोठी माय, या जथ्याची म्होरकी होती. पासष्टीची बाई, पण तिच्या पुढे चालायची कोणाची टाप नव्हती. ती म्हणाली, "घे बाई हजेरी. शिकली-सवरली पोरगी हाय, घेऊ द्या वं."

सकाळी रपट्यावर हजेरी झाली. बारा जणींनी बारा वेळा "हजर" म्हटलं, टोपल्या उचलल्या आणि झाडीत शिरल्या. त्यांच्या मते काम संपलं होतं. रंजीताच्या मते ते आता सुरू होत होतं.

आतून गप्पांचा कलकलाट येत होता. कोणाच्या तरी सुनेची उणीदुणी निघत होती आणि मधूनच खसखस पिकत होती. सात वाजले. रंजीताने घसा साफ केला आणि पिवळं बटण दाबलं.

"मनकर्णाऽऽबाई!"

कलकलाट थांबला. सुरीने कापावा तसा थांबला. ओ मात्र आली नाही.

"शकुऽऽबाई!" काही नाही. "ललिताऽऽ! बुधरीऽऽ!" पान हललं नाही. एकेक नाव घेत रंजीता तक्त्यात खाली उतरत गेली. तक्त्यात बाराव्या ओळीवर तिची आई होती.

"कुंताऽऽबाई!" तिने पुकारलं, आणि आवाज फाटला. "कुंताऽऽ!"

रान गप्प होतं. आत्ता या क्षणापर्यंत बोलणाऱ्या बारा बाया एकाएकी नाहीशा झाल्या होत्या.

अशा वेळी काय करायचं ते तिच्याच कागदावर क्रमाने लिहिलं होतं. पहिली सूचना होती, "घाबरू नका." ती तिने सोडून दिली आणि थेट दुसरीवर गेली. वनरक्षक सुरेंद्रला फोन लावला. मग हातातल्या मोबाइलकडे ती क्षणभर बघत राहिली. बाबांना सांगितलं की प्रबंध गेला, लायब्ररी आली. पण आईचा पत्ता नसताना बाबांपासून लपवायचं? लपवालपवीतूनच अपघात होतात, हेही तिचंच मत होतं. तिने नंबर दाबला.

"बाबा, आई ओ देत नाई."

पलीकडून एकच शब्द आला. "निंगतो."

पाव तासात सुरेंद्र मोटारसायकलवर आला. पोरगा कामाचा होता, पण वर्ध्याहून बदलून येऊन त्याला दोनच महिने झाले होते. त्याने चिखलातली पावलं बघितली, झाडीकडे बघितलं आणि तोंड गंभीर केलं.

"मॅडम, काल तलावाच्या अंगाला वाघाचे पंजे दिसले. टीमले फोन केला, गाडी येऊन राह्यली. तवरोक आत जाता येत नाई."

"माही आई हाय तिथी!" रंजीता उतरणीला लागलीच होती. सुरेंद्रने आडवा हात घातला.

"एकटं जाऊ नोका. तुमीच लिवलं ना?" त्याने तिच्याच हातातला कागद तिला दाखवला. सहावी सूचना, खाली दोन रेघा मारलेल्या. आपल्या सुवाच्य अक्षराचा रंजीताला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

मग सुरेंद्रने भोंगा घेतला आणि आपल्या भरदार आवाजात तक्ता वाचायला सुरुवात केली. मनकर्णाबाई, शकुबाई, ललिता. शांतता होती ती आणखी घट्ट झाली. कुठे तरी टोपली घासल्यासारखा आवाज आला आणि तोही कोणी तरी दाबून टाकला. टीमची गाडी रेल्वे फाटकात अडकल्याचा फोन आला. रंजीताने त्याच्या हातातून भोंगा हिसकला. डोळ्यांतल्या पाण्याने तिला धड दिसत नव्हतं. हाताला लागेल ते बटण तिने दाबलं.

"भंगारवालेऽऽ! ए भंगारवालेऽऽ! जुना कुलर, टीन-टप्पर, फुटकी बकेट, सायकल, लोहा-लोखंड, सारं घेतो, बाई, सारं घेतोऽऽ!"

झिंगूची भरून ठेवलेली आरोळी सुरू झाली आणि लाल बटण अडकून बसलं. रंजीताने ते उपटलं, दाबलं, भोंगा मांडीवर आपटला. झिंगू थांबेना. वाघाच्या रानात, बारा बाया हरवलेल्या असताना, तो कोसमटोल्याच्या झाडाझाडाकडे फुटकी बकेट मागत होता. रंजीताला तिथेच बसून रडावंसं वाटलं.

आणि झाडीतून फिसकन हसण्याचा आवाज आला.

"ओ भंगारवालेऽऽ!" मनकर्णाचा खणखणीत आवाज आला. "इथी जंगलात कायचं भंगार पायजे तुले?"

पाठोपाठ झुडपं हलली आणि बाया बाहेर आल्या. एक, दोन, तीन... बारा. प्रत्येकीच्या हातात विळा होता. सगळ्यांच्या मागे कुंता होती, पदर सुटलेला, केस विस्कटलेले. तिने टोपली फेकली आणि धावत येऊन रंजीताला छातीशी धरलं.

"ओ काऊन नाई दिली?" रंजीता रडता रडता ओरडली. "एवढं बलावलं! घसा फाटला माहा!"

"नाव घेऊन बलावत होती नं तू!" मनकर्णा म्हणाली. "जंगलात नाव घेऊन हाक आली का ओ द्याची नाई. बाहेरचं राह्यते ते, भुताखेताचं. एका जाग्यावर गोया व्हाचं, चूप बसाचं. आन हे तं आधारकार्डावरचं नाव घेऊन राह्यलं होतं! तुया आवाजात बलावलं, मंग बाप्याच्या आवाजात. आमी म्हटलं, आता काई खरं नाई."

"मंग भंगारवाल्याले कशी ओ दिली?" सुरेंद्रने विचारलं.

"बाहेरचं टीन-टप्पर घेते का, साहेब?" मनकर्णाने त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

कुंता अजून लेकीच्या तोंडावरून हात फिरवत होती. "तुया आवाज फाटला नं, तवा मी उठलीच होती. म्हटलं, पोरीले काई तरी झालं. या चौघी जनी माह्या अंगावर बसल्या."

"उठू देल्लं असतं तं एकटीच पळाली असती," शकुबाई म्हणाली. "मंग म्हटलं, जाऊ तं साऱ्याच जाऊ. पोरगी तिथी एकटी हाय. विळे काहाडून निंगणारच होतो, तं हा झिंगू आला."

म्हणजे बारा जणी तिला वाचवायला निघाल्या होत्या! रंजीताने अखेर गप्प झालेला भोंगा खाली ठेवला. मनकर्णाने तिच्या हातातला तक्ता उलटा धरून पाहिला आणि परत दिला.

"आमी बारा जनी सोबत होतो, बाई. एकटी कोन होती?"

रंजीताने मान खाली घातली. सहाव्या सूचनेखाली तिनेच दोन रेघा मारल्या होत्या.

"पन हजेरी चांगली हाय," मनकर्णा पुढे म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला. "पन्नास वर्स झाले मले मोह वेचून. आमी किती गेलो, किती आलो, हे आजपर्यंत कोनी मोजलं नोतं. तू मोजलं. एकटी उभी राहू नोको आन नाव घेऊ नोको. बाकी सारं बराबर हाय."

बाबांचा फोन कोणी उचलत नव्हतं, म्हणून सगळ्या रपट्यावरच थांबल्या; तासाभराने रस्त्यावर मोटारसायकल येऊन थांबली. बाबुलाल उतरला. तो खाणीच्या गेटवरूनच सुटला होता, त्यामुळे अंगावर ड्यूटीचे कपडे होते आणि डोक्यावर खाणीतलं पिवळं हेल्मेट. सत्तर किलोमीटरची धूळ तोंडावर बसली होती. त्याने कुंताला वरून खाली बघितलं, विळे बघितले, आणि त्याचे खांदे एकदम सैल झाले.

"बाबा, हे हेल्मेट गाडीवर चालत नाई," रंजीताच्या तोंडून निघून गेलं.

"तू चूप. सामान बांध," बाबुलाल म्हणाला. "ठरलं होतं आपलं."

रंजीताने तक्त्याची घडी घातली. ठरलं होतं हे खरंच होतं. पण कुंता त्याच्याकडे एकटक बघत होती. मग तिने पदर सारखा केला आणि बायांकडे वळली.

"पाह्यलं का वं? शिफ्ट सोडून आले! पंचवीस वर्सात यायनं कवा शिफ्ट सोडली नाई. हे पोरगी झाली तवा बी पुरी शिफ्ट करून आले होते. माह्यासाठी सोडली!"

बायांनी जावयाला गराडा घातला. कोणी पाणी आणलं, कोणी सावलीत बसायला पोतं अंथरलं. कुंता मान ताठ करून शेजारी उभी राहिली. जणू हा माणूस तिने आजच कुठून जिंकून आणला होता. बाबुलालने दोनदा "सामान..." असं म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा मनकर्णा म्हणाली, "जवाई, पोरगी कुठी जात नाई. तिले सोबत पायजे, एवढंच हाय. तुमी थांबा."

"मी?"

"मंग कोन? शिफ्ट तं सोडलीच."

बाबुलालने लेकीकडे बघितलं. रडून रडून तिचे डोळे लाल झाले होते, पण तक्ता हातातून सुटला नव्हता. "सांगाले भेली नाई तू," तो म्हणाला. "मले लगेच फोन केला. माहा जीव गेला, पन बरं केलं." त्याने साहेबाला फोन लावून दोन दिवसांची सुट्टी टाकली आणि मोठ्याने, सगळ्या बायांना ऐकू जाईल असं सांगितलं, "घरचं काम नाई, साहेब. पोरीचं संशोधन हाय."

एक प्रश्न तेवढा उरला. नाव न घेता हजेरी घ्यायची कशी? संध्याकाळभर खल झाला. रंजीताने आकडे सुचवले. "आकडे कैद्यायले राह्यते," म्हणून मनकर्णाने ते उडवून लावले. शिट्टीचा विचार झाला, पण रानातली अर्धी पाखरं शिट्टीच वाजवतात. दुसऱ्या दिवशी सात वाजायला आले तरी रंजीताच्या हातात नुसता भोंगा होता, पुकारायला शब्द नव्हता. बारा जणी आत शिरून तास झाला होता.

"दे इकडं," शेजारी बसलेला बाबुलाल म्हणाला. आपली माणसं मोजली गेल्याशिवाय त्यालाही आता चैन पडत नव्हतं. त्याने भोंगा तोंडाशी धरला आणि थबकला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, बायकोचं नाव त्याने कधी चारचौघांत घेतलं नव्हतं, आणि आता तर सुरेंद्रही बाजूला उभा होता. त्याचे कान लाल झाले. त्याने डोळे मिटले आणि घरी दारात चपला काढताना जशी देतो, तशी हाक दिली.

"अवंऽऽ! आयकलं काऽऽ?"

मग एका झाडाखालून आलं, "काय होऽऽ?" दुसऱ्या झाडाखालून, "आली, आलीऽऽ!" तळ्याच्या अंगाने, मोठ्या मोहाखालून, उताराच्या पलीकडून, चहूबाजूंनी ओ येऊ लागली. म्हातारी मनकर्णासुद्धा सवयीने "होऽऽ" म्हणून बसली. रंजीता भराभर खुणा करत गेली. नऊ, दहा, अकरा.

बारावी ओ सगळ्यांच्या वरताण आली.

"बाकीच्या चूप बसा वंऽऽ! मले बलावून राह्यले तेऽऽ!"