जेलच द्या, साहेब

श्रीपत मेश्राम हात जोडून मॅजिस्ट्रेटसमोर उभे होते आणि पोटच्या पोराला जेल मागत होते.

"साहब, एक दिन का जेल दे दीजिए. बड़ी मेहरबानी होगी."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढला. आजवर त्यांच्यापुढे बाप रडले होते ते पोराला सोडवायला. "मेश्रामजी, आप इसके पिता ही हैं न?"

मागच्या बाकावर श्रीपतच्या बायकोनं, बेबीताईंनी, कपाळावर हात मारला. "यायले कोणी खाली बसवा हो!"

प्रकरण तसं बाटलीभर बिअरचं. डिग्रीचा रिझल्ट लागला म्हणून अभय मेश्राम आणि त्याचा जिगरी दोस्त राघव परचुरे आयुष्यात पहिल्यांदा प्यायले. हिंदी मुलखातलं हे गाव; तिथल्या अलीगंजच्या पार्कात व्यायामाची नवी यंत्रं बसवली होती. दुसऱ्या दिवशी पार्षदजी, म्हणजे तिथले नगरसेवक, फीत कापणार होते. या दोघांनी ती आदल्या संध्याकाळीच दातांनी तोडली, बाकावर चढून जनतेचे आभार मानले आणि पार्षदजींच्या फ्लेक्सला पेढा भरवला. पेढा मिशीला चिकटला. पार्षदजींना फितीचं एवढं लागलं नाही, मिशीचं फार लागलं. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन, अशी केस उभी राहिली.

पहिलाच गुन्हा, कोवळी पोरं. साहेब भला माणूस. नव्या कायद्यात अशा गुन्ह्याला समाजसेवेचीही शिक्षा आहे, ती त्यांनी दिली. दोन आठवडे एकानं त्याच पार्कात झाडू मारायचा, दुसऱ्यानं सरकारी वाचनालयात पुस्तकं लावायची. कुणी काय करायचं, ते शेजारी बसलेल्या पेशकारांनी, म्हणजे कोर्टाच्या कारकुनांनी, लिहून टाकावं.

पेशकार आडनावापाशी अडले. "ये मेश्राम... कौन लोग होते हैं?"

श्रीपत तोंड उघडणार, तोच राघवचे वडील, बँक मॅनेजर दीनानाथ परचुरे, मदतीला धावले. अशा मदतीला माणसं फार लवकर धावतात. "हमारे उधर के ही हैं. मतलब, हमारे में से नहीं. वो... कोटेवाले. समझ गये न आप?"

पेशकार समजले. असलं काही समजायला या देशात कुठेच दुभाषा लागत नाही. अभयच्या नावापुढे झाडू आला, राघवच्या नावापुढे पुस्तकं.

म्हणून श्रीपत जेल मागत होते.

"साहब, मेरे दादा गाँव की चावड़ी झाड़ते थे. बाप ने झाड़ू फेंका तो मार खाई, पर दुबारा उठाया नहीं. मैं रेलवे में इंजीनियर बना. मानक नगर के क्वार्टर में हमारे यहाँ झाड़ू है ही नहीं. वैक्यूम क्लीनर है."

"लाईट गेली का आम्ही सगळे पाय वर घेऊन बसतो," बेबीताई मागून म्हणाल्या.

"इसने पी, गलती की. जेल दीजिए, मैं खुद छोड़ने आऊँगा. झाड़ू मत दीजिए."

अभय पुटपुटला, "पापा, मैं लगा दूँगा यार. झाड़ू ही तो है."

"गप उभा राय. तुह्यासाठी असन झाडू. माह्यासाठी तो परतीचा रस्ता आहे."

साहेबांनी पेशकारांकडे पाहिलं. पेशकारांनी पंख्याकडे पाहिलं.

"अदल-बदल कर दो," साहेब म्हणाले.

"सर, राघव को धूल की एलर्जी है!" दीनानाथराव ओरडले.

"तो मुँह पर रूमाल बाँध ले."

श्रीपत त्या दिवशी जिंकले. निदान त्यांना तसं वाटलं.

मग मोबाईलवर, मराठी मंडळाच्या ग्रुपात, दीनानाथरावांनी काढलेले फोटो यायला लागले. राघव, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता, छातीशी तलवारीसारखा धरलेला झाडू. खाली ओळ, 'उच्चशिक्षित तरुणाने घेतला स्वच्छतेचा वसा'. पुढे पार्षदजीही शेजारी उभे राहिले, मिशीसकट. मग पेपरात बातमी. केसचा उल्लेख कुठंही नाही. अभयच्या हातात जी शिक्षा होती, ती राघवच्या हातात गेली आणि सेवा झाली. अभय वाचनालयात धूळ खात पुस्तकं लावत होता. त्याचा फोटो काढायला कुत्रंही फिरकलं नाही.

शेवटी मराठी मंडळानं राघवचा सत्कार ठेवला. शाल झाली, नारळ झाला, दीनानाथरावांचं संस्कारांवर भाषण झालं. खाली बटाटेवड्यांच्या प्लेटा आणि फुलांचा चुरा पडला. सफाईवाला आलाच नव्हता. हॉलात तरुण पोरं वीसएक होती. कार्यवाह मधुकररावांची नजर सगळ्यांवरून फिरत शेवटच्या रांगेत थांबली.

"अभय, बाळा, दाराआड झाडू आहे बघ. जरा फिरव. आपल्याच घरचं कार्य आहे."

अभय उठला. श्रीपतनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं, स्वतः दाराआड गेले आणि झाडू उचलला.

"अहो!" बेबीताईंच्या हातातला वडा खाली पडला.

श्रीपत स्टेजवर चढले. शाल देतात तसा दोन्ही हातांनी त्यांनी झाडू राघवपुढे धरला. "सत्कार अर्धाच राहिला होता, मधुकरराव. अनुभवी माणूस इथं बसला असताना नवख्या पोराले कायले सांगता?"

हा कार्यक्रमाचाच भाग समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोबाईल वर झाले. राघवनं सवयीनं झाडू छातीशी धरला आणि हसला. दीनानाथरावांनीही सवयीनं फोटो काढला आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

"झाला फोटो?" श्रीपत म्हणाले. "आता झाड."

टाळ्या विरल्या. राघवचा झाडू छातीवरून खाली आला आणि जमिनीच्या वीतभर वरच थांबला.

"अंकल," त्यानं हळूच विचारलं, "शुरू किधर से करते हैं?"